डॉ. जेरुशा झिराड यांच्याबद्दल बोलूया

गवती चहा

आनंदीबाई जोशी कोण हे कुणाला सांगावं लागत नाही, रखमाबाईंचं नावही आता बऱ्यापैकी पोचलंय. पण त्यांच्या पुढच्या पिढीतली एक डॉक्टर, जिने मुंबईत बायकांच्या हॉस्पिटलाचा कारभार वर्षानुवर्षं बघितला, बाळंतपणात बायका का मरतात याचा हिशेब मांडला, तिचं नाव घेतलं की समोरचा म्हणतो, कोण? डॉ. जेरुशा झिराड. म्हणून हा धागा. मला जे माहितीये ते लिहिते, तुम्ही भर घाला.

जन्म १८९० चा, शिमोग्याचा. घराणं बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. शाळेसाठी पुण्यात, हुजूरपागेत बोर्डर म्हणून. ती अकराएक वर्षांची असताना बहीण खूप आजारी पडली, जगते की नाही अशी अवस्था, आणि मुंबईच्या कामा हॉस्पिटलात डॉ. अ‍ॅनेट बेन्सन यांच्या हाताखाली ती बरी झाली. त्याच वेळी या मुलीने ठरवलं की आपण डॉक्टर व्हायचं, आणि व्हायचं तर याच हॉस्पिटलात काम करायचं. लहानपणी असं सगळेच काही ना काही ठरवतात हो, पण हिने ते शेवटापर्यंत नेलं.

१९१२ ला ग्रँट मेडिकलमधून डॉक्टर झाली. पण त्या काळी कामा हॉस्पिटलसारख्या ठिकाणी वरच्या जागेवर जायचं तर विलायतेची डिग्री लागायची, आणि विलायतेला जायला पैसे नाहीत. थोडे दिवस खाजगी प्रॅक्टिस केली, टाटांच्या ट्रस्टकडून लोन स्कॉलरशिप मिळाली, तेवढ्यावर भागणारं नव्हतं तरी निघाली. पुढे भारत सरकारची परदेशातल्या शिक्षणाची स्कॉलरशिप मिळाली, ती मिळवणारी ती पहिली बाई. वर्षं बघा, पहिलं महायुद्ध चालू, समुद्रात पाणबुड्या बोटी बुडवतायत, आणि ही मुलगी लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये शिकतेय. एलिझाबेथ गॅरेट अँडरसन हॉस्पिटलात काम केलं, तेही बायकांनीच बायकांसाठी उभं केलेलं. १९१९ ला लंडन युनिव्हर्सिटीची एम.डी., प्रसूतिशास्त्र आणि स्त्रीरोग.

परत आल्यावर दिल्ली, मग बंगळूरचं मॅटर्निटी हॉस्पिटल, मग मुंबई. आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून १९४७ पर्यंत कामा हॉस्पिटलच्या प्रमुख. तोवर ती खुर्ची इंग्रज डॉक्टरीणबाईंची असायची, त्या जागी बसलेली ही पहिली भारतीय. बहीण जिथे वाचली तेच हॉस्पिटल!

पुढे ब्रिटिश सरकारचा एम.बी.ई. किताब, १९४७ ला लंडनच्या प्रसूती-स्त्रीरोग तज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची फेलोशिप, १९६६ ला पद्मश्री. १९८४ ला गेल्या, नव्वदी ओलांडून.

पण मला खरं जे बोलायचंय ते या यादीबद्दल नाही. "पहिली स्त्री" असं लिहिलं की आपण वाचतो, कौतुक वाटतं, आणि पुढे जातो. झिराडबाईंचं मोठेपण मला वाटतं पहिली होण्यानंतरच्या कामात आहे. त्या जिथे गेल्या तिथे त्यांनी संस्था बांधल्या किंवा असलेल्या संस्था नीट चालवल्या. डॉक्टरांच्या, बायकांच्या, स्वतःच्या ज्यू समाजाच्या. तिन्हीकडे सारख्याच जिद्दीने. हे दुसऱ्या कुणाबद्दल इतक्या ठामपणे म्हणता येईल का, मला तरी चटकन आठवत नाही.

अष्टागर

वा, फार बरं केलंत. आमच्या बाजूचा विषय आहे त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

झिराड हे गाव आहे अलिबाग तालुक्यात. मांडव्याला बोटीतून उतरलात आणि अलिबागकडे निघालात की रस्त्यात लागतं. बेने इस्रायल लोकांची आडनावं अशीच गावांवरून, केहीमचे केहीमकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर. त्यांची परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि वाचलेली माणसं इथेच राहिली. पुढे पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. अलिबागेत इस्रायल आळी अजून आहे, तिथलं सिनेगॉगही (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आहे.

इंग्रजी अमलात हीच मंडळी फौजेत, रेल्वेत, सरकारी कचेऱ्यांत गेली आणि बदल्या होत होत लांब लांब पोचली. शिमोग्याला जन्म आणि आडनाव झिराड हे तसंच. गाव मागे राहिलं तरी नाव बरोबर गेलं.

एक गोष्ट इथे मुद्दाम सांगतो. शिक्षणाचं महत्त्व या समाजाने फार लवकर ओळखलं. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्रायली मुलांसाठी शाळा काढली. म्हणजे जेरुशाबाई जन्मायच्या पंधरा वर्षं आधी. मुलगी डॉक्टर होते म्हणते आणि घरचे तिला पुण्याला बोर्डिंगात ठेवतात, ही हिंमत एका घरातून येत नाही, आजूबाजूला तसं वारं असावं लागतं.

चिंचपोकळी नाका

मस्त धागा. वाचतोय. मला एक विचारायचंय, बायकांसाठी वेगळं हॉस्पिटल कशासाठी होतं? जे.जे. होतंच ना तेव्हा?

गवती चहा

@चिंचपोकळी नाका, जे.जे. होतं, पण पुरुष डॉक्टरने तपासायचं म्हटल्यावर बायका जायच्याच नाहीत किंवा घरचे पाठवायचे नाहीत. दुखणं अंगावर काढून काढून मरायच्या. म्हणून पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून हे हॉस्पिटल उभं राहिलं, १८८६ ला सुरू झालं, अट अशी की डॉक्टर बायकाच असतील. पहिल्या प्रमुख एडिथ पिची, ज्या एडिंबरोत मेडिकलला प्रवेश मिळावा म्हणून लढलेल्या सात जणींपैकी एक. त्यांच्यानंतर अ‍ॅनेट बेन्सन. बेन्सनबाईंनी भारतातल्या स्त्री डॉक्टरांची संघटना उभी करायला, त्यांना सरकारी सेवेत मानाची जागा मिळावी म्हणून बरीच खटपट केली. १९०७ ची ती संघटना, असोसिएशन ऑफ मेडिकल विमेन इन इंडिया. आणि स्वातंत्र्यानंतर दहा वर्षं तिच्या अध्यक्ष कोण, तर झिराडबाई. ज्या डॉक्टरने बहिणीला वाचवलं तिचीच संघटना पुढे हिने सांभाळली. मला हे फार भारी वाटतं.

टाटांच्या स्कॉलरशिपबद्दल पण जाता जाता, जमशेटजींनी १८९२ ला ती सुरू केली तेव्हाच्या सुरुवातीच्या स्कॉलर डॉ. फ्रेनी कामा, त्याही स्त्रीरोगाच्याच डॉक्टर.

लेबर रूम

मी गायनॅक आहे, ग्रामीण रुग्णालयात काम केलंय, आता जिल्ह्याच्या गावी आहे. झिराड हे नाव आम्हाला माहीत असतं कारण फॉगसी म्हणजे आमची देशभरातल्या प्रसूती-स्त्रीरोग तज्ज्ञांची शिखर संस्था, तिच्या सुरुवातीच्या काळातल्या अध्यक्षांमध्ये त्या आहेत. त्यांच्या नावाने व्याख्यानही होतं. पण खरं सांगायचं तर माझ्या बॅचमध्ये त्यांनी नक्की काय केलं हे कुणी शिकवलं नाही, ते मी नंतर आपणहून वाचलं.

माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे मुंबईतल्या मातामृत्यूंची चौकशी. १९३७ च्या सुमारास काम सुरू झालं, इंडियन रिसर्च फंड असोसिएशनच्या पैशातून (याच संस्थेची पुढे आय.सी.एम.आर. झाली), आणि १९४१ मध्ये अहवाल सरकारी हेल्थ बुलेटिन म्हणून छापला गेला. विषय एकच, मुंबई शहरात बाळंतपणात बायका कशाने मरतात.

आता कुणी म्हणेल यात काय एवढं, डॉक्टरने हेच करायचं असतं. पण तेव्हाचं वातावरण डोळ्यापुढे आणा. बाळंतीण गेली तर नशीब, सटवाईने लिहिलेलं, ग्रह. चाळीतली अंधारी खोली, दारं-खिडक्या बंद, शेगडीचा धूर, सुईणीचे न धुतलेले हात. गिरणीत काम करणारी बाई पोट पुढे आलं तरी साच्यावर उभी. मुंबई प्रांताने १९२९ ला बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा केला, देशातला तसला पहिला, म्हणजे त्याआधी तेवढाही आधार नव्हता. अँटिबायोटिक अजून यायचे होते, सल्फाची औषधं नुकती येत होती. ताप चढला की दोन-चार दिवसांत खेळ खलास. जंतुसंसर्ग, रक्तस्राव, झटके, आणि या सगळ्यांच्या मुळाशी अंगात रक्तच नसणं.

या रक्त नसण्यावरून आठवलं, साधारण त्याच काळात, १९२८ पासून पुढे, लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत हाफकिन संस्थेत बसून गिरणीतल्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयावर संशोधन करत होत्या. यीस्टच्या अर्काने, म्हणजे ते ब्रेडला लावायचं मार्माइट असतं ना त्याने, बायका बऱ्या होतात हे त्यांनी दाखवलं. आज गरोदर बाईला आम्ही फॉलिक अ‍ॅसिडची जी गोळी देतो तिची सुरुवात तिथे आहे. म्हणजे एकाच शहरात एकीकडे रक्तक्षयावर काम, दुसरीकडे मृत्यूंच्या कारणांवर. बायका डॉक्टर झाल्यामुळे हे प्रश्न विचारले गेले असं माझं स्पष्ट मत आहे. पुरुष डॉक्टर हुशार नव्हते असं मुळीच नाही, पण बाळंतिणीचा मृत्यू हा मोजायचा विषय आहे असं वाटायला तिच्या खाटेजवळ रोज उभं राहावं लागतं.

मृत्यू मोजला, त्याला कारण लावलं, की मग टाळता येणारा कुठला आणि न टाळता येणारा कुठला हे दिसायला लागतं. आणि एकदा ते दिसलं की नशीब म्हणता येत नाही. माझ्यासाठी झिराडबाई म्हणजे हे.

सातरस्ता

लेबर रूम, तुमचा प्रतिसाद वाचून काटा आला. माझ्या आजीची आई पहिल्या बाळंतपणात गेली, लालबागला चाळीत. घरात तिच्याबद्दल एवढंच सांगतात की "ताप आला आणि गेली". मला आज पहिल्यांदा वाटलं की त्या तापाला काहीतरी नाव असणार आणि कुणीतरी तेव्हा त्याच्या मागे लागलेलं होतं.

अशदोदकर

शालोम मंडळी. मी बेने इस्रायल, आईवडील मुंबईचे, आता आम्ही इस्रायलला अशदोदला असतो, घरात अजून मराठीच चालते, अक्षरं जुळवत जुळवत लिहितोय, कुठे चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्याकडे जेरुशाबाईंचं नाव मोठी माणसं आदराने घेतात पण त्यांच्या डॉक्टरकीपेक्षा जास्त समाजातल्या कामामुळे, ते इथे कुणी फारसं लिहिलं नाही म्हणून मी लिहितो.

पहिलं स्त्री मंडळ. बेने इस्रायल स्त्री मंडळ १९१३ चं, म्हणजे जेरुशाबाई नुकत्या डॉक्टर झाल्या होत्या, विलायतेला जायच्या होत्या, वय तेवीसच्या आसपास. त्या वयात आपल्या समाजातल्या बायकांनी एकत्र यायला हवं, शिकायला हवं, एकमेकींना हात द्यायला हवा हे डोक्यात येणं आणि ते करून दाखवणं. आमच्या बायका तेव्हा घर, सण, स्वयंपाक यात असायच्या, सिनेगॉगमध्ये वरच्या गॅलरीत बसायच्या, कारभार सगळा पुरुषांकडे.

दुसरं, आणि हे जास्त मोठं. १९२५ मध्ये त्यांनी मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन सुरू केली. लंडनमध्ये असताना त्यांचा तिथल्या लिबरल ज्यू लोकांशी संबंध आला, लिली मॉंटेग्यू नावाच्या बाई होत्या, त्यांनी तिकडे १९०२ मध्येच तशी संघटना काढली होती. बाईने धर्माच्या कामात पुढे यायचं, प्रार्थना चालवायची, प्रवचन द्यायचं हे जेरुशाबाईंनी तिथे डोळ्यांनी बघितलं. मग इकडे आल्यावर त्या विचाराची प्रार्थनासभा मुंबईत. पुरुष बायका एकत्र बसून, हिब्रूबरोबर समजेल अशा भाषेतही प्रार्थना. त्यातून भायखळ्याला रोदेफ शालोम सिनेगॉग झालं.

हे सगळ्यांना पटलं असं नाही. आमचे बहुतेक सिनेगॉग तेव्हाही जुन्या पद्धतीने चालायचे, आताही तसेच चालतात. माझ्या आजोबांच्या घरातही ते मान्य नव्हतं, ते कट्टर शारे रहमीम सिनेगॉगचे. पण मी एक बघितलंय, जी माणसं युनियनच्या विरोधात बोलायची तीच घरात सून अडली की कामा हॉस्पिटलात धावायची. जेरुशाबाईंबद्दल वाईट बोललेलं मी कधी ऐकलं नाही. डॉक्टर म्हणून कमावलेला विश्वास त्यांनी समाजाच्या सुधारणेसाठी वापरला असं मला वाटतं, नाहीतर १९२५ मध्ये एका बाईचं धर्माच्या बाबतीत कोण ऐकून घेणार होतं.

धर्म त्यांनी सोडला नाही हे पण सांगतो. सुधारणा करणारा माणूस म्हणजे श्रद्धा नसलेला असं लोकांना वाटतं. इथे उलट आहे, श्रद्धा होती म्हणून तर प्रार्थना समजावी असं वाटलं.

पिंपळपार

चांगली माहिती. पण एक प्रामाणिक शंका. त्या डॉक्टर म्हणून मोठ्या होत्या, भारतीय होत्या, मग सारखं ज्यू ज्यू का करायचं? आपण प्रत्येक मोठ्या माणसाला त्याच्या जातीधर्माच्या खणात बसवतो ते मला खटकतं.

गवती चहा

@पिंपळपार, तुमचं खटकणं समजतं, आणि जातीच्या नावाने महापुरुष वाटून घ्यायची आपल्याकडची सवय मलाही आवडत नाही. पण इथे मला ते वेगळं वाटतं, का ते सांगते.

झिराडबाईंनी स्वतः ते दोन कप्पे केले नाहीत. सकाळी कामा हॉस्पिटलात रुग्ण तपासायच्या त्यात हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिश्चन सगळ्या. समाजाचं काम करताना फक्त आपल्या माणसांपुरतं बघायचं आणि बाहेर दुसरं, असं त्यांचं दिसत नाही. उलट दोन्हीकडे प्रश्न एकच, बाईला आत येऊ द्या. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून येऊ द्या, सिनेगॉगात गॅलरीतून खाली येऊ द्या, मंडळात येऊ द्या, सरकारी कमिटीत येऊ द्या. अशदोदकर यांनी जे लिहिलं ते वाचल्यावर तर मला हे जास्तच पटलं. ज्यू असणं काढून टाकलं तर १९१३ आणि १९२५ ही दोन्ही वर्षं त्यांच्या आयुष्यातून जातील, आणि मग उरलेली बाई अर्धीच.

शिवाय एक आहे. हा समाज आता इथे फार थोडा उरलाय. स्वातंत्र्याच्या सुमाराला वीस हजारांच्या आसपास होते, आता पाच हजारांच्या आत. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. ज्यांची घरं गेली, आळ्या रिकाम्या झाल्या, त्यांची आठवण त्यांच्या नावाने ठेवली नाही तर ते या शहरात होते हेच पुढच्यांना कळणार नाही. रोज लोकलने मशीद बंदर स्टेशनवरून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं की ती मशीद म्हणजे १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी बांधलेलं सिनेगॉग. अशदोदकरांच्या आजोबांचं शारे रहमीम ते हेच.

पिंपळपार

मशीद बंदरचं हे खरंच माहीत नव्हतं. तुमचा मुद्दा मान्य, विशेषतः १९१३ आणि १९२५ चा.

चिंचपोकळी नाका

मी पण आयुष्य काढलं त्या लाइनवर, आज कळलं 🙏

ग्रँट मेडिकलवरून एक माझ्याकडून. प्लेगची लस शोधणारे हाफकिन, तेही ज्यू, मूळचे ओडेसाचे. १८९६ ला मुंबईत प्लेग आला तेव्हा त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजातच जागा दिली होती, तिथे लस केली आणि १८९७ च्या जानेवारीत पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. त्याच कॉलेजातून पंधरा वर्षांनी जेरुशाबाई डॉक्टर झाल्या. सहज जोड लागली म्हणून लिहिलं.

पागेतली

हुजूरपागेचं नाव आलं आणि मी आले! आमच्या शाळेतून गेलेल्या मुलींची नावं सांगताना आणखी एक बेने इस्रायल नाव घ्यायलाच हवं, रिबेका रुबेन. गंमत बघा, त्यांचा जन्मही शिमोग्याचा, १८८९ चा, जेरुशाबाईंपेक्षा एखाद्या वर्षाने मोठ्या. आणि १९०५ च्या मॅट्रिकला अख्ख्या मुंबई युनिव्हर्सिटीत पहिल्या आल्या. मुलींमध्ये नव्हे, सगळ्यांमध्ये. तेव्हाचं मुंबई विद्यापीठ म्हणजे सिंधपासून कर्नाटकापर्यंतचा पसारा, आणि त्यात मुलगी पहिली यायची ही पहिलीच वेळ.

त्यांनीही विलायत गाठली, केंब्रिजला हिब्रू शिकल्या. आल्यावर काय केलं? वर अष्टागर यांनी केहीमकरांच्या ज्या शाळेचं लिहिलंय त्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या, १९२२ पासून १९५० पर्यंत. तीच शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जायला लागली, माझगावला. समाजाचं वार्षिक काढलं, संपादन केलं, शाळेची पुस्तकं लिहिली.

मला या दोघी एकत्रच दिसतात. एकाच गावात जन्मलेल्या, एकाच शाळेत शिकलेल्या, दोघी विलायतेला गेल्या, दोघी परत आल्या आणि वर्षानुवर्षं एकीने हॉस्पिटल सांभाळलं एकीने शाळा. परत येणं हे आपण फार सहज लिहून टाकतो. लंडनची एम.डी. घेतलेल्या बाईला तिथेच किंवा आणखी कुठे बरं आयुष्य मिळालं नसतं का? केंब्रिजला शिकलेल्या बाईने माझगावच्या मराठी मुलांना रोज हजेरी घेऊन शिकवायचं, तेही जवळजवळ तीन दशकं, याला काय म्हणायचं. मोठं पद मिळालं की शाळा सोडून जातात लोक.

आम्हाला शाळेत या दोघींबद्दल थोडं तरी सांगायला हवं होतं असं आता वाटतं. भिंतीवर एखादा फोटो, एक पाटी, तेवढंही पुरलं असतं.

सातरस्ता

मी पुन्हा. माझा जन्म कामा हॉस्पिटलमधला, माझ्या दोन्ही मावश्यांच्या मुलांचाही. आमच्या पिढीला कामा म्हटलं की सव्वीस अकरा आठवतं. अतिरेकी हॉस्पिटलात घुसले तेव्हा एका नर्सने प्रसूती वॉर्डातल्या वीस गरोदर बायकांना एका खोलीत हलवून वाचवलं, त्यातल्या एकीची प्रसूती त्याच रात्री झाली. त्याच रात्री नरिमन हाउसमध्ये ज्यू लोक मारले गेले. हे दोन्ही मी आत्तापर्यंत वेगवेगळ्या बातम्या म्हणूनच धरत होते.

आता कामाच्या फाटकातून जाताना झिराडबाई डोक्यात येतील. इतकी वर्षं एक बाई इथे बसून हे सगळं चालवत होती, युद्ध चालू असताना, चले जावच्या दिवसांत, दंगलींच्या दिवसांत, फाळणीच्या वर्षापर्यंत, आणि बाहेर काही पेटलेलं असो बायका बाळंत व्हायच्या थांबत नाहीत. त्या रोजच्या कामाचा हिशेब कुठल्या पद्मश्रीत बसतो?

लेबर रूम

@सातरस्ता, खरंय. आमच्या कामात रात्री तीन वाजता निर्णय घ्यायचा असतो आणि तेव्हा बाहेर कोण राज्य करतंय याने फरक पडत नाही.

मगाशी एक राहिलं. आता आपल्याकडे नियम आहे की कुठेही मातामृत्यू झाला तर तो कळवायचा, त्याची छाननी करायची, बाईला त्रास कधी सुरू झाला, घरून निघायला उशीर झाला का, गाडी मिळाली का, हॉस्पिटलात पोचल्यावर किती वेळ गेला, रक्त होतं का, हे सगळं विचारायचं. आशाताई घरी जाऊन नातेवाइकांशी बोलते. जिल्ह्याच्या कमिटीपुढे केस येते. मी अशा बैठकांना बसलेय, फार जड जातात त्या. पण त्यातूनच कळतं की अमुक तालुक्यात रक्तपेढी नाही म्हणून दोन बायका गेल्या, आणि मग पुढच्या वर्षी तिथे रक्त साठवायची सोय होते.

२०१८-२० च्या आकड्यांनुसार देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. तेव्हा आपला नंबर केरळच्या खालोखाल होता. हे एका माणसाचं श्रेय अर्थातच नाही, हजारो नर्स, सुईणी, आशा, डॉक्टर, १०८ चे ड्रायव्हर, सगळ्यांचं आहे. पण कारण शोधायचंच, मृत्यू नोंदीत टाकून मोकळं व्हायचं नाही, हा आग्रह या शहरात झिराडबाईंनी नव्वद वर्षांपूर्वी धरला होता. आणि ३३ हा आकडा सुद्धा मला समाधान देत नाही, मेळघाट-नंदुरबारकडे गेलं की हे सरासरीचं चित्र पार बदलतं. तिकडे अजून रक्त नसलेल्या मुली बाळंतपणाला येतात, सहा-सात हिमोग्लोबिन घेऊन. लोहाच्या गोळ्या दिलेल्या असतात, घेतलेल्या नसतात, कारण पोट बिघडतं आणि कुणी समजावून सांगितलेलं नसतं.

अष्टागर

हे वाचून वाटतं हा धागा फक्त इतिहासाचा नाही.

एक सुचवू का, झिराड गावात त्यांच्या नावाचं काही आहे का ते मी पुढच्या आठवड्यात जाऊन बघतो. नसेल तर ग्रामपंचायतीत बोलून बघेन, गावाचं नाव लावणारी बाई पद्मश्री होती हे गावातल्या शाळेतल्या मुलींना सांगायलाच हवं. आरोग्य उपकेंद्राला नाव देता आलं तर उत्तम.

अशदोदकर

@अष्टागर, तुमचे आभार कसे मानू. आमच्या इथल्या म्हाताऱ्या मंडळींना हे वाचून दाखवतो. इथे अजून काही आज्या आहेत ज्या मुंबईत स्त्री मंडळात जायच्या, कुणाकडे मलिद्याच्या विधीचे, सणाचे, मंडळाचे जुने फोटो आहेत. घरच्यांची परवानगी घेऊन त्यातले काही इथे टाकतो. आणि पागेतली, रिबेकाबाईंवर वेगळा धागा काढाच, माझी आई त्यांच्या शाळेत शिकलेली आहे, तिला विचारून मी लिहीन.

पागेतली

काढते. या रविवारी.